नाताळ जरा थांबू दे

डिसेंबर लागला की इंदूरच्या मॉलमधला सांताक्लॉज धार-देवासच्या मुलांच्या मोबाइलवर येऊन पोचतो. सहामाही परीक्षा आणि सुट्टी यांच्या मधल्या फटीत शाळेला आपला ख्रिसमसचा कार्यक्रम बसवायचा असतो, म्हणून पंधरा तारखेच्या आसपासच गव्हाणी, मेंढपाळ आणि तीन ज्ञानी स्टेजवर हजेरी लावून जातात. महिला मंडळाचा केक, तरुण मंडळाची कॅरोल, कॉलनीतल्या शुभेच्छा, सगळे आधीच होऊन जाते. चोवीसच्या रात्री माणूस चर्चमध्ये पोचतो तेव्हा त्याचा नाताळ उरकलेला असतो. पंचवीसच्या संध्याकाळी तारा खाली उतरतो आणि सव्वीसला सगळे सामान माळ्यावर जाते.

हे ज्यांना खटकते त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगायच्या आहेत. नाताळाआधीचा आगमनकाळ म्हणजे महिनाभर आधी सुरू झालेला नाताळ नव्हे. त्यात काय काय करायचे याची यादी वाढवत नेली, तर त्याचाही एक कार्यक्रमच होतो. माझ्या मते या दिवसांत दोनच कामे महत्त्वाची आहेत: जे पंचवीसनंतरचे आहे ते तोवर थांबवून धरायचे, आणि ज्याचे जे देणे आहे ते फेडायचे. बाकीचे सगळे या दोहोंच्या मदतीला.

आधी तारखा. ३० नोव्हेंबर हा प्रेषित आंद्रियाचा सण. त्याला सगळ्यात जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला. म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. रविवार नेहमी चारच, पण दिवस बावीस ते अठ्ठावीस. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे आणि नाताळ शुक्रवारी, म्हणजे चौथा आठवडा पाच दिवसांचा. २०२८ मध्ये नाताळ सोमवारी येतो. तेव्हा चौथा रविवार चोवीस तारखेलाच असेल आणि सकाळी आगमनकाळ, रात्री नाताळ अशी धांदल होईल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे चार रविवार आत्ताच गोल करून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी घरी असायचे, एवढा एक नेम सांभाळला तरी बरेच साधते.

‘आमच्या चर्चमध्ये हे कधीच नव्हते,’ असे जुनी प्रोटेस्टंट मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. माळव्यात कॅनडाहून आलेले मिशन प्रेस्बिटेरियन होते. धारमध्ये १८९५ च्या सुमारास दवाखान्याचे काम उभे करणाऱ्या डॉ. मार्गारेट ओहारा त्याच मिशनच्या. त्या परंपरेत वर्षभराच्या सणांचे चक्र फारसे मानले जात नसे. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा १९५८ साली मिळाली. पुढे अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाले, त्याची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. तेव्हा सीएनआयच्या माणसाला हा काळ परका वाटण्याचे काही कारण नाही. त्याच्या मंडळीचा जन्मच त्यातला आहे.

कॅथलिक घरांना हा काळ अंगवळणी पडलेला असतो. वेदीवर जांभळा रंग येतो, मिस्सामध्ये ग्लोरिया गात नाहीत, ‘आलेलुया’ मात्र चालू राहतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळाइतका हा काळ कडक नाही, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. शोक करायचा नाही, वाट पाहायची आहे.

आता आपल्या गावची अडचण. तुळशीचे लग्न लागले की माळव्यात लग्नसराई सुरू होते. देवासच्या कॉलनीत दर तिसऱ्या दिवशी मंडप आणि ढोल, धारला पाव्हणेरावळे, आणि प्रत्येक ठिकाणी दाल-बाफले. अशात ‘आमचा उपवासाचा काळ आहे’ म्हणून तोंड वाकडे करून बसणे बरे दिसत नाही, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीतही बसत नाही. बोलावणे आले तर जा, वाढले ते खा, आहेर द्या. उपास आपल्या घरच्या ताटावर करायचा असतो, यजमानाच्या नव्हे. तुमच्या स्वतःच्या घरात लग्न ठरत असेल तर मात्र ते नाताळनंतर धरा. बहुतेक फादर आणि पाळकही तेच सुचवतील.

यातली एक सोय सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १५-१६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत गेला की खरमास लागतो, आपल्याकडे ज्याला धनुर्मास म्हणतात तो. त्या दिवसापासून शेजारची लग्ने थांबतात. आणि चर्चच्या जुन्या परंपरेत आगमनकाळाचा शेवटचा, अधिक गंभीर टप्पा सुरू होतो १७ डिसेंबरला. म्हणजे ज्या आठ दिवसांत तुम्हाला खरोखर शांतता हवी, त्याच आठ दिवसांत गावातले बँडबाजे बंद असतात. पहिले दोन आठवडे जरा विस्कटले तरी हळहळू नका. १७ ते २४ एवढे दिवस घट्ट धरा. त्यात नवी खरेदी नको, बाहेरचे जेवण नको, टीव्ही रात्री बंद. त्या आठवड्यात कोणी रिहर्सलला बोलावले तर सरळ नाही म्हणा.

घरातली मांडणी साधी असावी. चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे आता इकडेही दिसते. त्याचे मूळ जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. तिथे योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. ‘नाताळ कधी?’ म्हणून मुले रोज विचारायची, तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी एका जुन्या गाडीच्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. म्हणजे जे आज शोपीस झाले आहे ते मुळात अनाथ पोरांना दिवस मोजायला दिलेले साधन होते. तुम्हाला देवदाराच्या फांद्या मिळणार नाहीत, प्लास्टिकच्या आणूही नका. पितळी परात घ्या, आसोपालवाची पाने कडेने लावा, आठवड्याने सुकली की बदला. जांभळ्या मेणबत्त्या बाजारात नाही मिळाल्या तर साध्या पांढऱ्यांना जांभळी फीत बांधा, तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीला गुलाबी. चार समया किंवा चार पणत्या लावल्या तरी काही बिघडत नाही. पेटवायचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा. विझवायचा कोणाचा यावरून भांडण होते, ते आधी ठरवून ठेवा.

आणखी एक गोष्ट लहान मुलांना फार आवडते. हंगेरी आणि क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, बशीत गहू पेरतात. नाताळपर्यंत तो हिरवागार होऊन गव्हाणीपाशी ठेवला जातो. आपल्याकडे तर रब्बीचा गहू त्याच सुमाराला शेतात वर येत असतो, त्यामुळे हे परके वाटत नाही. मात्र माळव्यात डिसेंबरच्या रात्री पारा बराच उतरतो आणि कोंब फुटायला वेळ लागतो, म्हणून दहा तारखेलाच पेरा. मूठभर गहू रात्रभर भिजवा, पसरट वाडग्यात बोटभर माती घेऊन वर दाटीने पसरा, ओल्या फडक्याने दोन दिवस झाका, मग उन्हात ठेवा. पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही. शेजारच्या आजी ‘घट बसवलात का?’ म्हणून विचारतील. काय आहे ते मोकळेपणाने सांगा. त्याच दिवसांत त्यांच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात, नेमाने काही पाळणे म्हणजे काय हे त्यांना समजावावे लागत नाही.

वाचनाचे म्हणाल तर पहिल्या आठवड्यातच लोक गोंधळतात. नाताळची तयारी म्हणून शुभवर्तमान उघडावे, तर समोर गव्हाणी नसते. जगाचा शेवट, जागे राहा, चोर कोणत्या घटकेला येईल ते ठाऊक नाही, असले काहीतरी असते. हा छापखान्याचा घोटाळा नाही. आगमनकाळ आधी ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे पाहतो, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे, आणि मरिया-योसेफ अगदी शेवटी येतात. २०२६ च्या आगमनकाळात मार्कच्या शुभवर्तमानाचे वर्ष सुरू होते. मार्कला तर ख्रिस्तजन्माची कथाच नाही, तो थेट यार्देन नदीवर योहानापासून सुरुवात करतो. ज्यांना गोडगोड नाताळाचा कंटाळा आला आहे त्यांना हे वर्ष मानवेल.

एक डिसेंबरपासून लूकचा रोज एक अध्याय वाचायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, कारण लूकला बरोबर चोवीस अध्याय आहेत. छान आहे, पण तिचे एक विचित्र टोक असे की नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही पुनरुत्थानापाशी पोचता. मला त्यापेक्षा लूकचे पहिले दोन अध्याय आणि यशयाचा चाळिसावा, एवढेच पुन्हा पुन्हा वाचणे पटते. मुका झालेला जखऱ्या, म्हातारपणी दिवस गेलेली अलीशिबा, तिच्या घरी तीन महिने राहिलेली मरिया. वाट पाहणारी माणसे कशी असतात ते तिथे सगळे आहे.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात प्रभूसाठी रान-वाटा सरळ करण्याची, दऱ्या भरून काढण्याची आणि डोंगर सखल करण्याची हाक आहे. धारच्या मुलांना हे समजावण्यासाठी पॅलेस्टाइनपर्यंत जायला नको. इंदूरहून खलघाटाकडे उतरताना गणपती घाट लागतो. उताराला ट्रकचे ब्रेक फेल होऊन तिथे किती जीव गेले ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. ‘हळू चालवा’च्या पाट्या वर्षानुवर्षे होत्या, त्यांनी अपघात थांबले नाहीत. शेवटी उतार कमी ठेवून वेगळा रस्ता काढावा लागला. यशया पाट्या लावायला सांगत नाही, रस्ता बदलायला सांगतो. आपल्या घरात तो चढ कुठे आहे, म्हणजे कोणाला आपल्यापर्यंत पोचताना धाप लागते, हा प्रश्न दुसऱ्या रविवारी जेवताना विचारून पाहा. उत्तर बहुधा मुले देतील, आणि ते ऐकायची तयारी ठेवा.

योहान तर याहून रोखठोक. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचे काय? तो त्यांना ध्यान करायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने कोणाला लुबाडू नये. सगळा हिशेब कपड्याचा, अन्नाचा आणि पैशाचा. म्हणून दुसऱ्या आठवड्यात एक वही घ्या आणि देणी लिहून काढा. घरकाम करणाऱ्या बाईंचा थकलेला पगार, सोयाबीन काढणीच्या मजुरीतले राहिलेले पैसे, किराणावाल्याची उधारी, भावाकडून घेतलेले आणि दोघेही न बोलता विसरल्यासारखे करतात ते पैसे. चोवीस तारखेच्या आत शक्य तेवढे चुकते करा. कोणाला तुम्हीच व्याजाने दिले असतील तर निदान व्याज सोडा. ब्लँकेट वाटायचे असेल तर ते पहिल्या आठवड्यात वाटा, थंडी नाताळची वाट पाहत नाही. वाटताना फोटो काढू नका.

हे देण्याघेण्याचे मी इतके लावून धरतो, कारण आपल्याच भागात त्यासाठी एका बाईने जीव दिला. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लेरिस्ट संघाच्या. १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवणे, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचवणे, हे त्यांचे काम. ज्यांचे त्यामुळे नुकसान होत होते त्यांना ते सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघातल्या सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. तो पुढे सुटला, पश्चात्ताप केला, त्या घरच्यांना जाऊन भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले गेले.

उदयनगरच्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. डिसेंबरातला एक शनिवार इंदूरच्या खरेदीऐवजी तिकडे खर्च करा. कॅथलिक असलेच पाहिजे असे नाही. आणि परत येताना, ज्याच्याशी बोलणे बंद आहे अशा एका माणसाला फोन करा. एकच पुरे. बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधता येते, तर वाटणीवरून रुसलेल्या चुलत्याला एक फोन जमायला हवा. कॅथलिकांनी पापस्वीकाराला जायचे ते यानंतर, आणि चोवीसच्या रांगेत नव्हे, १७ च्या आधी. फादरलाही चार शब्द बोलायला तेव्हा सवड असते.

खाण्यापिण्याचे. देवासच्या कारखान्यांमुळे केरळी कुटुंबे आपल्या शेजारी आहेत. त्यांच्यातल्या सीरियन परंपरेच्या घरांत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे वर्ज्य असतात. इतके जमले तर उत्तमच. नाही तर बुधवार आणि शुक्रवार साधे ठेवा: मक्याची भाकरी, लसणाची चटणी, डाळ. वाचलेले पैसे डब्यात टाका आणि डबा चोवीसला चर्चमध्ये द्या. मधुमेही माणसाच्या आणि बाळंतिणीच्या वाट्याला उपास नाही, हे आजोबांना स्पष्ट सांगावे लागते.

मराठी ख्रिस्ती घरात नाताळला केकइतकाच फराळ लागतो, आणि फराळातल्या अनारशांना घाई चालत नाही. १५ तारखेला तांदूळ भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदला. अठराला निथळून सुती कापडावर सावलीत पसरा, किंचित दमट असतानाच कुटून चाळा, गूळ मिसळून गोळे डब्यात भरून ठेवा. थंडीत पीठ मुरायला चार-पाच दिवस घेते. तेविसाच्या संध्याकाळी खसखशीवर थापून मंद आचेवर तळा, उलटू नका. त्या आठ दिवसांत हे काम घरातल्या पुरुषांकडे आणि मुलांकडेही द्या, नाही तर आगमनकाळाची शांतता बाकीच्यांना आणि आईला फक्त कंबरदुखी असे होते. तळलेले पंचवीसपर्यंत कोणी तोंडात टाकायचे नाही. चवीपुरता एकही नाही.

गाण्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे: जन्माची गाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत घरात लावू नयेत. चर्चची उपासना आपल्याकडे हिंदीत असते, मुले इंग्रजी कॅरोल पाठ करतात, आणि मराठी राहते फक्त आजीच्या ‘उपासना संगीत’मध्ये. ते या महिन्यात बाहेर काढा. आगमनाची गीते त्यात शोधा, पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर टाळ्यांवर म्हणा. नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजली’ मिळाली तर तीही. ज्यांना ओवीची गोडी आहे त्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे. ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले तेव्हा रोमन लिपीत होते, शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले. त्यातले पहिले पुराण तारणारा येण्याआधीच्या काळाचे आहे आणि दुसरे ख्रिस्ताचे. पहिले आगमनकाळात वाचावे, दुसरे पंचविसाला उघडावे. रोज दहा ओव्या झाल्या तरी चालेल. कबीर तंबोऱ्यावर ऐकत वाढलेल्या माळव्याच्या कानाला ती भाषा जड जाणार नाही.

कॅरोलसाठी घरोघर जायचे असेल तर थोडे व्यवहाराने वागा. ज्या घरून बोलावणे आहे तिथेच जा, आधी वेळ कळवा. अनोळखी वस्तीत मुलांना खाऊ आणि भेटी वाटत फिरू नका. आपल्या राज्यात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि साध्या आनंदाचाही भलता अर्थ लावला जाऊ शकतो. मोठा गट असेल तर ठाण्यात कळवून ठेवा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको, चर्चच्या आत आवाज लागेल तेवढा पुरतो. आणि शक्य असेल तर कॅरोलची फेरी पंचवीसनंतर काढा. तेव्हाच तिचा खरा काळ असतो.

तिसरा रविवार आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. त्या दिवशी गव्हाणी मांडायला घ्या, पण बाळ ठेवू नका. चौथ्या रविवारी फक्त घर आवरा.

धार जिल्ह्यातल्या आदिवासी मंडळ्यांतली कितीतरी माणसे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली असतात आणि नाताळला घरी येतात. गावाकडे आईबाप खरोखर रस्त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. शहरातल्या मंडळींनी अशा एखाद्या घराची विचारपूस करावी, येणाऱ्याच्या तिकिटाला हातभार लावावा. हे आगमनकाळातच करायचे काम आहे, नंतर उपयोग नाही.

आणि नाताळ पंचवीसला संपवू नका. तो ६ जानेवारीपर्यंत चालतो, तारा तोवर वर राहू द्या. शाळांना सुट्टी असते, खरमासामुळे लग्ने नसतात, फराळाचा डबा भरलेला असतो. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे वर्षभर जाणे झाले नाही, जी मंडळी दवाखान्यात आहेत, ज्यांच्या घरी यंदा कोणी गेले आहे, त्यांची यादी आगमनकाळातच करून ठेवा. सव्वीसपासून रोज एका घरी जा.